वळणावरची रेंज

“अहो, फुडे बघा. फुडे बघा म्हणतंय ना तुमका. देव खंय पळान जाणा नाय.”

ओरडत होती ती माझी आई. ती बाबांच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसली होती, मांडीवर कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांची पिशवी घेऊन. आणि मी होते तिथून चार डोंगर अलीकडे, आमच्या घराच्या ओटीवर, टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून. बाबा मला विचारत होते, बांगडे आणू की पेडवे. मी म्हटलं, पेडवे. त्यानंतर फोनमधून जो आवाज आला तो मी पुढे वीस वर्षं शोधते आहे, दुसरीकडे कुठे ऐकला नाही. डोंगराने शिंक दिली असती तर तसा आला असता. मग कोंबड्या ओरडल्या. मग बाटल्या फुटल्या, एकेक करून, सावकाश, जणू कुणाला घाई नव्हती. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग बाबांचा आवाज, नेहमीसारखाच, थोडा लांबून आल्यासारखा: “हॅलो. बाय, मी तुका मगे फोन करतंय हां.”

मी आता नर्स आहे. एका हॉस्पिटलच्या अपघात विभागात माझी हयात चालली आहे. चाळिशीत आठवणी लिहायला बसले म्हणून माझ्या नवऱ्याने नाक मुरडलं, पण अपघात विभागातलं एक वर्ष बाहेरच्या तीन वर्षांबरोबर धरावं लागतं. त्या हिशेबाने मी ऐंशी ओलांडली आहे आणि लिहायला उशीरच झाला आहे. शिवाय मी वाढवून सांगते असा माझ्यावर आरोप आहे. तो खरा आहे. पण या प्रकरणात मी बऱ्याच गोष्टी कमी करून सांगते आहे, कारण खऱ्या सांगितल्या तर कुणी पुढे वाचणार नाही.

माझ्या बाबांना सगळी पंचक्रोशी विष्णू डायवर म्हणून ओळखे. त्यांची जीप माझ्यापेक्षा वयाने मोठी होती आणि घरात तिला मान माझ्यापेक्षा जास्त होता. तिचा डावा दरवाजा सुंभाने बांधलेला असे, आणि हॉर्न वाजला की वाटेतली बकरी आपलं कुणी हरवलेलं परत आलं असं समजून धावत येत. सकाळी कोंबडा आरवायच्या आधी बाबा जीपला हाक घालत. ती आधी खोकायची, मग थुंकायची, मग सबंध घर थरथरायला लागायचं, आणि त्या थरथरीवर आई घावणे घालायची. तव्यावरचं पीठ आपोआप गोल पसरायचं. आईच्या हातच्या घावण्याला जी जाळी पडायची तशी जाळी मासे पकडायच्या जाळ्यालाही पडत नाही. त्यावर नारळाचा रस, नाहीतर कालच्या काळ्या वाटाण्याची उसळ. बाबा उभ्या उभ्या आठ घावणे खात आणि वर म्हणत, “आज भूक नाय गो.” मग माणसं येऊन बसायला लागत. कागदावर जीप नऊ जणांची होती. बाबा सतरा नेत, आणि एवढं करून वाटेत कुणी हात दाखवला तर, “ये रे, जागा आसा,” म्हणत.

बाबांचं पोट हे त्या जीपचं एक महत्त्वाचं यंत्र होतं. सरळ रस्त्यावर ते पोटाने स्टेअरिंग धरत आणि दोन्ही हातांनी तंबाखू मळत. वळणावर मात्र एक तरी हात लावावा लागतो, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. अडचण एवढीच होती की आमच्याकडे देव वळणावर असतात. सरळ रस्त्यावर देवाची कुणाला आठवण येते? आमच्या वाडीपासून मालवणच्या बाजारापर्यंत बारा वळणं आणि बारा देव होते, आणि प्रत्येकाला हात जोडल्याशिवाय पुढे गेलेली गाडी आम्ही पाहिलेली नव्हती. मागे बसलेल्या बायका त्यावर लक्ष ठेवून असत. एखाद्या ठिकाणी डायवरचा हात कपाळाकडे गेला नाही तर मागून हाक यायची, “विष्णू, वेतोबा गेलो रे.” की बाबा मागे वळून, म्हणजे पूर्ण मागे वळून, मागे गेलेल्या वेतोबाला नमस्कार करत. जीप तोवर आपल्या समजुतीने चालत असे.

या सगळ्यात मोठं वळण राखणदाराचं. वर जांभ्याचा कडा, खाली उतरणीवर काजू, आणि त्याखाली व्हाळ, म्हणजे आमचा ओढा, पावसात नदी आणि उन्हाळ्यात नुसते दगड. वळणाच्या ऐन कोपऱ्यावर चाफ्याखाली एक शेंदूर न लावलेला दगड, तो राखणदार. त्याला दोन्ही हात जोडायचे आणि डोळे मिटायचे, अशी रीत. बाबा ती रीत पाळून इतकी वर्षं त्या वळणावरून गेले यातच राखणदाराचं सामर्थ्य दिसतं असं बाबा म्हणत, आणि आई म्हणे, त्यात व्हाळाची सहनशक्ती दिसते.

मग मुंबईहून माझ्या आतेभावाने मोबाइल पाठवला. आमच्या वाडीतला पहिला. आकाराने आणि वजनाने नारळ सोलायच्या लायकीचा. पण वाडीत त्याला रेंज नव्हती. आम्ही तो गवताच्या कुडीवर, म्हणजे गंजीवर, चढवून पाहिला, विहिरीच्या काठावर धरून पाहिला. एकाने तो माडावर नेला आणि वरून सांगितलं की रेंज नाही पण शहाळी तयार झाली आहेत. शेवटी कळलं की सबंध वाटेत रेंज येते ती एकाच जागी, राखणदाराच्या वळणावर. मालवणात यायची, पण तिथे बाबा फोन जीपच्या कप्प्यात कुलपात ठेवून उतरत, बाजारात कुणी मारील म्हणून. तेव्हा विष्णू डायवरला गाठायचं तर एकच वेळ, सकाळी आठ वीस, वळणावर.

हे एकदा कळल्यावर वाडीची सगळी घडी त्यावर बसली. आठ वीसला घराघरांतल्या बायका आमच्या ओटीवर टेलिफोनपाशी गोळा होत. चार बायका रांगेत, कुणाला झाडू हवा, कुणाला जिऱ्याची पुडी, एकीला फक्त आपला नवरा जीपमध्ये खरोखर बसला आहे का ते विचारायचं असे. घंटा वाजली की बाबा उजव्या हाताने फोन कानाला लावत, डावा हात राखणदारासाठी कपाळाला नेत, डोळे अर्धे मिटत, कारण पूर्ण मिटले तर ऐकू कमी येतं असं त्यांचं म्हणणं, आणि स्टेअरिंग पोटाकडे सोपवत. हे रोज चाले. रोज चाले म्हणून ते बरोबर आहे असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. आज माझ्यासमोर पलंगावर झोपलेली माणसं मला हेच सांगतात. कसं झालं विचारलं तर म्हणतात, “काय नाय, जरा मोबाइलात बघितलंय.” काय बघितलं ते बहुधा फुटक्या काचेमागे अजून चालू असतं. मी ते बंद करते आणि कोपराकडे वळते.

त्या दिवशी ओटीवर मी एकटीच होते. बारावीची परीक्षा झाली होती, काम काही नव्हतं, आणि आदल्या दिवशी बांगडे झाले होते. एवढंच कारण. मी घड्याळ बघून, बाबा नेमके वळणावर असतील अशा बेताने फोन केला. मला त्या अचूकपणाचा अभिमान होता.

पुढचं मला आईने कधी सांगितलं नाही. मागे बसलेल्यांनी सांगितलं, सतराही जणांनी, वेगवेगळं. त्यातलं जमणारं एवढं: समोरून वाळूचा डंपर वर चढत होता. बाबांचा एक हात माझ्याकडे होता, एक देवाकडे. पोट एका बाजूला घसरलं. जीप व्हाळाच्या दिशेने निघाली. आईने मांडीवरची पिशवी सोडली, उजवा हात आडवा घालून स्टेअरिंग धरलं आणि आयुष्यात एकदाही गाडी न चालवलेल्या त्या बाईने जीप सरळ एका काजूच्या झाडात घातली. झाडाने ती धरली. माणसं सुपाऱ्यांसारखी घरंगळली, पण उठून बसली. एका म्हाताऱ्याची कवळी दुसऱ्याच्या खिशात सापडली. दोन कोंबड्यांपैकी एक अजून सापडायची आहे. त्या काजूला पुढच्या साली इतके काजू धरले की लोक म्हणाले, असा धक्का दर झाडाला द्यायला हवा. आणि आईचं उजवं कोपर स्टेअरिंग आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये होतं.

डॉक्टर प्रमाण मराठीत बोलले, म्हणून आम्हाला ते जास्त गंभीर वाटलं. ते म्हणाले, “कोपर पूर्वीसारखं सरळ होईलच असं सांगता येणार नाही. प्लास्टर निघाल्यावर आठवड्यातून दोनदा व्यायामाला आणावं लागेल.” बाबा म्हणाले, “हाडतलंय साहेब, घरची गाडी आसा.” त्या फोनबद्दल मला घरात कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचे दोन महिने चुलीचा ताबा बाबांकडे आला. मी मदत करायला गेले तर, “तू अभ्यास कर,” म्हणत. परीक्षा संपली आहे हे त्यांना तीनदा सांगावं लागलं. त्यांनी घातलेला पहिला घावणा आम्ही विहिरीच्या रहाटाला वायसर म्हणून लावला. तो अजून टिकून आहे. जीप दुरुस्त होऊन आली, तिचा दरवाजा नव्या सुंभाने बांधला, आणि बाबा बाजारात सगळ्यांना सांगू लागले की राखणदाराने वाचवलं, स्वतः हात घालून गाडी फिरवली. हे बोलणं फिरत फिरत आईपर्यंत आलं. ती माझ्याकडून डोक्याला तेल लावून घेत होती. तिने मान न वळवता बाबांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हटलं, “राखणदाराचो हात मोडलो नाय. माझो मोडलो.”

प्लास्टर निघालं, व्यायामाचा दिवस आला. बाबांनी जीप अंगणात आणून लावली, सीटवर उशी ठेवली. आई बाहेर आली, जीपला वळसा घालून गेली आणि चालत एसटीच्या थांब्याकडे निघाली. थांबा दोन मैलांवर. वैशाखाचं ऊन. पदराखाली वाकडा हात. बाबा पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागून.

“चढ गो.”

“नको.”

“लोक बघतत.”

“बघूंदेत. बघणारे गाडी चलवत नसतीत तर हरकत नाय.”

“अगो, मी काय मुद्दाम केलंय? देवाक हात जोडूक नको काय?”

“जोडा. मी बसान नाय एवढाच. ज्या दिवशी दोनय हात स्टेअरिंगार आणि कान रिकामो दिसात, त्या दिवशी बसतलंय.”

असं ते थांब्यापर्यंत गेले. एसटी आली, आई चढली, आणि बाबा एसटीच्या मागे मालवणपर्यंत. आठवड्यातून दोनदा हे होऊ लागलं. पहिल्या आठवड्यात वाडीने याची मजा पाहिली. दुसऱ्या आठवड्यात जीपमध्ये बारा माणसं होती, तिसऱ्यात सात. कुणी तोंडावर बोललं नाही, पण माझ्या मैत्रिणीच्या आजीने माझ्यासमोरच म्हटलं, “तेची बायलच बसना नाय, मगे आमी कित्याक बसाचा?” बाबांना दुसरं काही येत नव्हतं. जीप थांबली तर घर थांबणार होतं, आणि माझा नर्सिंगचा अर्ज त्याच महिन्यात गेला होता. पण खरं सांगायचं तर मला त्याची तेवढी भीती नव्हती. मला भीती वाटायची ती सकाळी चुलीपाशी ती दोघं एकमेकांकडे पाठ करून बसत, त्याची. बाबा जळका घावणा तिच्या पानात वाढत. ती डाव्या हाताने निमूट खाई. नाव ठेवत नसे. आधी ती त्यांच्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायची.

शेवटी बाबांनी कौल लावायचं ठरवलं. देवानेच एकदा सांगून टाकू दे, म्हणजे प्रश्न मिटला. आई म्हणाली, “विचारा. पण दोनय विचारा. हाताचाय आणि फोनाचाय.” ती वळणापर्यंत चालत आली.

आमच्याकडे कौल लावतात तो असा: गुरव देवाच्या दगडावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, काही उजवीकडे, काही डावीकडे. प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तातू गुरव हा बोलायला अत्यंत कंजूष माणूस. देवापुढे गाऱ्हाणं घालताना जेवढं बोलेल तेवढंच, एरवी त्याच्या बायकोलाही त्याचा आवाज सणासुदीलाच ऐकू येई. त्याने पाकळ्या लावल्या आणि सुरू केलं, “बा देवा राखणदारा म्हाराजा…” आम्ही सगळे, “व्हय म्हाराजा.” “तुझो हो लेकरू विष्णू, तुझ्या वळणार गाडी चलयता, तेणी हात जोडूक नाय तर तुझो राग होयत नाय मा?” म्हणजे, हात न जोडता गेला तर चालेल का. आमचं “व्हय म्हाराजा” पुरं व्हायच्या आत उजवीकडची पाकळी टपकन पडली. इतकी झटकन की मला वाटलं, देव किती वर्षं या प्रश्नाची वाट बघत होता.

बाबांच्या चेहऱ्यावर थोडी नाराजी दिसली. मग दुसरा प्रश्न. वळणावर फोन घेतला तर चालेल काय. तातूने नव्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही बघत बसलो. पाकळी हलेना. रस्त्यावरून जाणारी एक दुचाकी थांबली, तिच्यावरचे दोघे उतरून बघत बसले. मग एक रिक्षा थांबली. मग एसटी थांबली आणि कंडक्टर दारात उभा राहून बघू लागला. मी आजवर इतकी शांत माणसं एका ठिकाणी पाहिलेली नाहीत. चाफ्याचं फूल पडलं तरी दचकायला होत होतं. डाव्या बाजूची एक पाकळी जरा खाली सरकल्यासारखी वाटली, उजवीकडचीही सरकली, बाबांनी श्वास धरला, आईने पदर धरला.

आणि फोन वाजला.

आठ वीस झाले होते. आम्ही वळणावर होतो. रेंज पूर्ण होती. आम्ही चौघंही फोनकडे वळलो, एसटीतले वळले, रिक्षावाला वळला. बाबांचा हात खिशात गेला तो त्यांनी नेला असं मी म्हणणार नाही. तो आपला आपण गेला, फोन घेऊन बाहेर आला आणि कानाला लागला. “हॅलो,” बाबा म्हणाले. शेजारच्या काकी होत्या, ज्यांना आम्ही सगळे देवाकडे आहोत हे पूर्ण माहीत होतं. त्यांना खराटा हवा होता. बाबा म्हणाले, “बारीक व्हयो की जाडो?”

आम्ही परत दगडाकडे वळलो तेव्हा पाकळी खाली पडलेली होती. दोन्ही बाजूंच्या मधोमध, मातीत. उजवीकडची की डावीकडची, कुणीच बघितलं नव्हतं. एसटीतल्या चाळीस माणसांपैकी एकानेही नाही. बाबांनी फोन कानावरून खाली घेतला.

“तातू, परत लाव.”

तातूने तांब्यातलं उरलेलं पाणी चाफ्याच्या बुंध्यात ओतलं, पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाला, “देवान सांगल्यान. तू फोनार होतंस.”

बाबा कितीतरी वेळ आपल्या हाताकडे बघत राहिले, जणू तो कुणी भाड्याने दिला होता. फोनमध्ये काकी अजून जाड खराट्याचं समजावून सांगत होत्या. मग बाबांनी तो बंद न करताच आईपुढे धरला. आईने डाव्या हाताने घेतला, काकींसकट पिशवीत टाकला, जीपपाशी गेली, सुंभ सोडला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मागे एसटीवाल्याने हॉर्न दिला. बाबांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं होतं, इतकं घट्ट की नखं पांढरी झाली होती, आणि चेहरा असा की मला पहिल्यांदाच कळलं, हा माणूस आजवर गाडी चालवायला कधीच घाबरला नव्हता आणि आता घाबरला आहे. आता घाबरलेला ड्रायव्हर दिसला की मला बरं वाटतं.

आईचं कोपर शेवटपर्यंत सरळ झालं नाही. मागे बसलेल्या बायका काही दिवस, “विष्णू, देव इलो,” म्हणत राहिल्या, आई पुढून उत्तर द्यायची, “मी जोडलंय, सगळ्यांचे मिळान.” एकाच हाताने, पण चालून जात असे.

पावसाच्या तोंडावर कुडाळच्या माझ्या मैत्रिणीचा सकाळी फोन आला. नर्सिंगची यादी लागली होती आणि तिने आदल्या संध्याकाळी फळ्यावर माझं नाव बघितलं होतं, तिसरं. जीप तर निघून गेली होती. मी ओटीवर येरझाऱ्या घातल्या, तीन वेळा घड्याळ बघितलं, आणि आठ वीस वाजल्यावर माझ्याने राहवलं नाही. पहिल्याच घंटेला आईने उचलला. मागे इंजिनाचा आवाज येत होता.

“आये, माका नर्सिंगाक नंबर लागलो. तिसरी इलंय. बाबांका दी फोन.”

“ते गाडी चलयतत.”

“मगे तू तरी सांग त्यांका, बाजूकच तर आसत.”

“घराक इल्यार तू सांग,” आई म्हणाली.